बडतर्फीचा आदेश हाती आल्यावर: न्याय्य संधीच्या मुद्द्यावर आव्हान कसे उभे करावे

बडतर्फीचा आदेश येतो त्या दिवशी घरात कोणाचेच चित्त ठिकाणावर नसते, आणि नेमके त्याच दिवशी करायचे एक लहानसे काम राहून जाते. आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपून ठेवावे आणि आदेशाच्या पाठीमागे तो कोणत्या तारखेला व कोणाच्या हस्ते मिळाला हे लिहून खाली सही करावी. मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, 1966 यांतील नियम 25 प्रमाणे अपिलासाठी 45 दिवसांची मुदत आहे आणि ती आदेशाची प्रत कर्मचाऱ्याला मिळाल्यापासून मोजली जाते. योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला आहे. पण ज्याला आधी उशिराची माफी मागावी लागते, त्याचे मूळ म्हणणे थोडे कानाआडच जाते.

मी वकील नाही. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही सहकाऱ्यांच्या विभागीय चौकशीत बचाव सहायक, म्हणजे कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडायला मदत करणारा, म्हणून बसत आलो आहे, एवढाच माझा अधिकार. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत अशी पुष्कळ मराठी घरे आहेत, जिथे सरकारी नोकरी होळकरांच्या काळापासून पिढ्यानपिढ्या चालत आली आणि म्हणून ती गेल्याची लाज पगार गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी वाटते. या लाजेपोटी माणसे पहिला महिना कोणाला काही कळू देत नाहीत, आणि 45 पैकी 30 दिवस तिथेच संपतात.

आदेशात नेमके काय लिहिले आहे

आपण बोलताना सरसकट "बर्खास्त केले" म्हणतो, पण नियम 10 मध्ये मोठ्या शिक्षांचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. सेवेतून काढून टाकणे, ज्याला इथल्या हिंदी आदेशांत "सेवा से पृथक" म्हणतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या सरकारी नोकरीचा मार्ग कायमचा बंद होत नाही. "पदच्युत" केले असेल तर सामान्यतः तो मार्गही बंद होतो. सक्तीची सेवानिवृत्ती ही शिक्षा म्हणूनही दिली जाते आणि वय व सेवाकाल पाहून, शिक्षा न मानता, प्रशासकीय छाननीतूनही दिली जाते. या दोहोंना आव्हान देण्याचे मुद्दे वेगळे आहेत. परिवीक्षेत (प्रोबेशनवर) असलेल्याची किंवा संविदा (कंत्राटी) कर्मचाऱ्याची "सेवा समाप्ती" हा आणखी निराळा प्रकार असून त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे सही. संविधानाच्या अनुच्छेद 311 च्या पहिल्या खंडाप्रमाणे शासकीय सेवकाला त्याची नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. त्यासाठी आपला मूळ नियुक्ती आदेश शोधून त्यावरील सहीचे पद आणि बडतर्फीच्या आदेशावरील सहीचे पद शेजारी शेजारी ठेवून पाहावे. हा मुद्दा क्वचित निघतो, पण निघाला तर तोच सर्वांत भक्कम ठरतो, कारण त्यात पुराव्याची चर्चाच उरत नाही.

पोलीस खात्याला स्वतःचे नियम आहेत, पंचायत कर्मचाऱ्यांसाठी 1999 चे शिस्त व अपील नियम वेगळे आहेत, आणि वीज कंपन्या, महामंडळे व सरकारी बँका यांचे सेवा विनियम आपापले असतात. महामंडळाच्या किंवा बँकेच्या नोकराला अनुच्छेद 311 चे संरक्षण मिळत नाही, तरी न्याय्य संधीचा नियम समानतेच्या अनुच्छेद 14 मधून आणि त्या संस्थेच्या विनियमांतून त्यालाही लागू होतो. अपिलाची मुदत मात्र ज्याने त्याने आपल्या नियमांतूनच पाहावी.

न्यायालय काय पाहते आणि काय पाहत नाही

बहुतेक जण इथेच चुकतात. बडतर्फ झालेला माणूस मनाने पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत असतो, "मी पैसे घेतलेच नाहीत", आणि अपिलातही तेच पानोपानी लिहितो. उच्च न्यायालय मात्र विभागीय चौकशीवर बसलेले अपील न्यायालय नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बी. सी. चतुर्वेदी यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले की, न्यायिक पुनर्विलोकनात निर्णयापर्यंत पोहोचण्याची पद्धत तपासली जाते. थोडाफार जरी ग्राह्य पुरावा असेल तरी तो पुन्हा तोलून न्यायालय आपले मत अधिकाऱ्याच्या मताच्या जागी ठेवत नाही. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो: मला माझी बाजू सांगण्याची खरी संधी मिळाली का, ती कुठल्या टप्प्यावर हुकली, आणि ती मिळाली असती तर निकालात काय फरक पडला असता?

अनुच्छेद 311 च्या दुसऱ्या खंडात हीच हमी आहे: आरोप कळवून, त्यावर म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन, चौकशी केल्याखेरीज बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती करता येत नाही. वाजवी संधी म्हणजे काय याचे विवेचन 1958 च्या खेमचंद प्रकरणापासून चालत आले आहे. आपल्या राज्यातले आणि आपल्याला जवळचे वाटावे असे एक उदाहरण म्हणजे मध्यप्रदेश राज्य विरुद्ध चिंतामण सदाशिव वैशंपायन हा सर्वोच्च न्यायालयाचा 1961 चा निकाल. पोलीस खात्यातील या कर्मचाऱ्याला बचावासाठी आवश्यक कागदपत्रांच्या प्रती नाकारल्या गेल्या होत्या आणि साक्षीदारांची उलटतपासणीही नीट करू दिली नव्हती. एवढ्यावरून ती बडतर्फी टिकली नाही. आरोप खरा होता की खोटा, हा प्रश्न त्यासाठी सोडवावा लागला नाही. आजही कागद आणि उलटतपासणी याच दोन जागी सर्वाधिक प्रकरणे मोडतात, म्हणून नस्ती, म्हणजे चौकशीची फाईल, वाचायला बसताना पहिली नजर तिथेच टाकावी.

नस्ती टप्प्याटप्प्याने वाचणे

आरोपपत्राबरोबर आरोपांचे विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी जोडपत्रे असतात. आरोप मोघम आहे का ते पाहावे. "कर्तव्यात घोर हलगर्जी केली" असे लिहून तारीख, ठिकाण, रक्कम काहीच दिले नसेल, तर उत्तर तरी कशाचे द्यायचे? त्याच विवरणात "आपण दोषी आहात, तरी का काढू नये" अशा थाटाची भाषा असेल, तर अधिकाऱ्याने निर्णय आधीच केला होता असे म्हणायला जागा मिळते. घटना आणि आरोपपत्र यांच्यात किती वर्षे गेली तेही मोजावे. मध्यप्रदेश राज्य विरुद्ध बनी सिंग या 1990 च्या प्रकरणात बारा वर्षांहून अधिक काळाच्या विलंबाचे समाधानकारक कारण देता आले नाही, म्हणून ती चौकशीच पुढे चालू दिली गेली नाही.

निलंबनाच्या काळात जीवन निर्वाह भत्ता मिळत होता का, हा प्रश्न पुष्कळांना गौण वाटतो, पण तो तसा नाही. घनश्यामदास श्रीवास्तव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या 1973 च्या निकालात, भत्ता न मिळाल्यामुळे कर्मचारी दूरच्या ठिकाणी चाललेल्या चौकशीला जाऊ शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत झालेली चौकशी म्हणून रद्द ठरली. मात्र भत्त्यासाठी "दुसरीकडे नोकरी करत नाही" हे प्रमाणपत्र कर्मचाऱ्याने द्यायचे असते. ते न देताच भत्ता अडवला म्हणून ओरड केली तर खाते तेवढ्याच एका कागदावर बोट ठेवते.

चौकशी अधिकारी कोण होता? तक्रार ज्याची, साक्ष ज्याची किंवा प्राथमिक चौकशी ज्याने केली, तोच जर विभागीय चौकशी करत असेल, तर पक्षपाताचा आक्षेप तिथल्या तिथे, लेखी, शिस्तभंग अधिकाऱ्याकडे नोंदवायला हवा होता. आधी गप्प बसून निकाल विरुद्ध गेल्यावर हा मुद्दा काढला तर न्यायालय त्याला फार वजन देत नाही. खात्याची बाजू मांडणारा प्रस्तुतकर्ता अधिकारी नेमलाच नव्हता आणि चौकशी अधिकारीच साक्षीदारांना खात्याच्या बाजूने प्रश्न विचारत होता, असेही अनेकदा आढळते. सरोजकुमार सिन्हा यांच्या 2010 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चौकशी अधिकारी हा खात्याचा प्रतिनिधी नसतो, तो निःपक्ष न्यायकर्त्याच्या जागी बसलेला असतो. कर्मचारी हजर नसला तरी आरोप साक्षी-पुराव्याने सिद्ध व्हावेच लागतात. पोलिसांत नोंदवलेली तक्रार किंवा प्राथमिक चौकशीतले जबाब नुसते नस्तीला जोडून पुरावा होत नाहीत; ते सिद्ध करणारा साक्षीदार समोर यावा लागतो, हे 2009 च्या रूपसिंग नेगी निकालाने पुरते ठसवले आहे.

उलटतपासणीबद्दल एक प्रसंग सांगतो. एका चौकशीत मी सहायक म्हणून तिसऱ्या तारखेपासून बसू लागलो. आधीच्या दोन तारखांचे जबाब वाचले तर प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबाखाली एकच शेरा होता: "प्रतिपरीक्षण: निरंक", म्हणजे उलटतपासणी काही नाही. खाली कर्मचाऱ्याची सही. मी विचारले, "तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत?" तो म्हणाला, "काका, मी म्हणालो होतो की कागद मिळाल्यावर विचारीन. साहेब म्हणाले, नंतर बघू, आता सही करा." त्या निरंक शब्दाने आमचे दीड वर्ष खाल्ले. सही करावीच लागली तर सहीच्या वरच, त्याच पानावर, "प्रतिपरीक्षण का अवसर माँगा, नहीं दिया गया" एवढे हिंदीत लिहून तारीख टाकावी. आणि तेही लिहू दिले नाही, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने तसे पत्र पाठवावे. पोस्टाची पावती ज्या कागदावर छापतात तिची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, म्हणून तिची झेरॉक्स त्याच संध्याकाळी काढून ठेवावी.

खात्याचा पुरावा संपल्यावर बचावाचे साक्षीदार मागितले होते का, ते नाकारताना कारण नोंदवले का, आणि कर्मचारी स्वतः साक्षीला उभा राहिला नसेल तर त्याच्याविरुद्ध निघालेल्या गोष्टी चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारल्या का, हे नियम 14 मध्ये शोधून आदेश पत्रिकेशी ताडून पाहावे. आदेश पत्रिका म्हणजे दर तारखेला काय झाले याची चौकशी अधिकाऱ्याने ठेवलेली नोंद. त्यात ज्या तारखेला आपली हजेरी दाखवली आहे त्या दिवशी आपण दुसरीकडे निवडणुकीच्या ड्युटीवर होतो, असेही कधी कधी निघते.

यानंतर अहवाल. मोहम्मद रमझान खान यांच्या 20 नोव्हेंबर 1990 च्या निकालापासून हे पक्के झाले आहे की, चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा अधिकारी वेगळे असतील तर शिक्षा देण्यापूर्वी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्याचे अभ्यावेदन, म्हणजे लेखी म्हणणे, घेतलेच पाहिजे. इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. किती शिक्षा द्यायची यावर वेगळी नोटीस मिळण्याचा हक्क 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेला. अहवालावर म्हणणे मांडण्याचा हक्क शाबूत आहे. "दुसरी कारणे दाखवा नोटीस मिळाली नाही" एवढेच लिहिणारे अपील त्यामुळे लंगडे पडते; "अहवालाची प्रत मिळाली नाही" हे मात्र लागू पडते.

चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवले आणि वरच्या अधिकाऱ्याने असहमत होऊन बडतर्फ केले, असे असेल तर असहमतीची कारणे आधी कळवली होती का ते पाहावे. ती न कळवता दिलेली शिक्षा टिकत नाही, हे कुंजबिहारी मिश्रा यांच्या 1998 च्या निकालात ठरले आहे. अंतिम आदेशात "यापूर्वीही दोन वेळा वेतनवाढ रोखण्यात आली होती" असे एखादे वाक्य अचानक येते. जुन्या वर्तनाचा आधार शिक्षा वाढवण्यासाठी घ्यायचा असेल तर तो आधी कळवायला हवा, हे म्हैसूर राज्य विरुद्ध के. मांचे गौडा यांच्या 1963 च्या निकालापासून चालत आले आहे.

त्रुटीपुढे तोटा लिहिणे

इतके सारे वाचून झाले की मनात त्रुटींची माळ तयार होते आणि वाटते, आता जिंकलोच. तसे नाही. बी. करुणाकर यांच्या 1993 च्या आणि एस. के. शर्मा यांच्या 1996 च्या निकालांनंतर न्यायालय प्रत्येक प्रक्रियात्मक त्रुटीपुढे विचारते की, यामुळे कर्मचाऱ्याच्या बचावाचे प्रत्यक्ष काय नुकसान झाले. संधीच मुळात दिली नाही, तर गोष्ट वेगळी. पण संधी दिली आणि ती अपुरी होती, असे म्हणणे असेल तर नुकसान दाखवावे लागते.

यासाठी मी सरळ एक वही करायला सांगतो. डाव्या पानावर त्रुटी, उजव्या पानावर तिच्यामुळे काय करता आले नाही. उदाहरणार्थ, डावीकडे "गोदामाचे चावी रजिस्टर मागितले, दिले नाही" असे लिहिले, तर उजवीकडे "त्या रजिस्टरमध्ये घटनेच्या आठवड्यात चावी दुसऱ्या पाळीच्या कर्मचाऱ्याकडे असल्याची नोंद आहे, ती दाखवून साक्षीदार क्रमांक 2 ला, चावी माझ्याकडे होती हे तू कशावरून म्हणतोस, असे विचारता आले असते" असे यायला हवे. उजवे पान कोरे राहिले तर तो मुद्दा अपिलात शेवटी ठेवावा किंवा सोडून द्यावा. तेवीस मुद्द्यांच्या अपिलापेक्षा उजवे पान भरलेल्या चार मुद्द्यांचे अपील अधिक जड जाते, आणि चारही मुद्दे वाचले तरी जातात.

कागद हाती नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. 10 रुपये शुल्क, संबंधित कार्यालयाचा लोक सूचना अधिकारी, 30 दिवसांची मुदत. चौकशीची संपूर्ण नस्ती, आदेश पत्रिका आणि विशेषतः नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांनी फाईलवर लिहिलेल्या टिपण्या, मागावी, कारण शिक्षेचा निर्णय प्रत्यक्षात कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतला हे तिथेच उमटलेले असते. परंतु माहितीचे 30 दिवस आणि अपिलाचे 45 दिवस एकमेकांसाठी थांबत नाहीत. माहिती आली नाही तरी अपील वेळेत दाखल करावे आणि "कागद मिळाल्यावर पूरक मुद्दे मांडीन" असे त्यात नोंदवावे.

अपील कसे लिहावे

अपील कोणाकडे करायचे हे नियम 24 मध्ये दिले आहे. कलेक्टरचा आदेश असेल तर ते बहुधा संभागायुक्तांकडे (विभागीय आयुक्तांकडे) जाते. ते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाने व सहीने असावे, ज्या अधिकाऱ्याने शिक्षा दिली त्यालाही प्रत द्यावी, आणि त्यात अनादराची भाषा नसावी. शेवटची अट नियम 26 मध्ये लिहिलेलीच आहे, तरी रागाच्या भरात ती मोडणारे बरेच असतात.

अपिलाचा साचा शोधत फिरण्याची गरज नाही, कारण अपील अधिकाऱ्याने काय पाहायचे हे नियम 27 स्वतःच सांगतो. चौकशीची विहित पद्धत पाळली का आणि न पाळल्यामुळे संविधानाचा भंग किंवा न्यायाची हानी झाली का. निष्कर्षांना नस्तीतील पुराव्याचा आधार आहे का. आणि दिलेली शिक्षा पुरेशी, कमी की फाजील कठोर आहे. याच तीन मथळ्यांखाली आपले मुद्दे मांडावेत. वहीची दोन्ही पाने पहिल्या मथळ्याखाली जातील. "मी पैसे घेतले नाहीत" हे मनातले वाक्य दुसऱ्या मथळ्याखाली येईल, पण साक्षीदाराचा क्रमांक आणि पान क्रमांक यांच्यासह. तिसऱ्या मथळ्याखाली सेवेची वर्षे, गोपनीय अहवाल आणि त्याच घटनेत इतरांना मिळालेली शिक्षा लिहावी. एकाच घटनेतल्या तिघांपैकी दोघांची वेतनवाढ रोखली आणि एकाला काढले, तर तो फरक का, याचे उत्तर खात्याला द्यावे लागते. मी बोललो त्यांपैकी बऱ्याच जणांना शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दा मांडणे म्हणजे आरोप कबूल करणे वाटते. तसे होत नाही; "वरील म्हणण्यास बाधा न येता" एवढे शब्द आधी घालावेत.

आता एक भाषेची गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित गमतीची वाटेल, पण इंदूरच्या मराठी माणसाला महागात पडू शकते. आपण विचार मराठीत करतो आणि अर्ज हिंदीत लिहितो. मराठीतला "राजीनामा" म्हणजे नोकरी सोडण्याचा अर्ज; इथल्या कचेरीत आणि कोर्टात राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. "माझ्यावर राजीनाम्यासाठी दबाव आणला" असे लिहिले तर वाचणारा भलतेच समजेल. तिथे "त्यागपत्र" लिहावे. तसेच "शिक्षा" म्हटले की हिंदीत शाळा आठवते, म्हणून "दंड" किंवा नियमांतला "शास्ति" हा शब्द वापरावा. अपील पूर्ण झाल्यावर एखाद्या हिंदीभाषक सहकाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावे.

अपील देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी. "ठेवून जा, चढवून घेऊ" असे कोणी म्हटले तर नम्रपणे "मी थांबतो" म्हणावे आणि खरोखरच थांबावे.

न्यायालयाची पायरी

मध्यप्रदेशातील राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण केव्हाच बंद झाले असल्यामुळे राज्य शासनाचा कर्मचारी अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. इंदूर खंडपीठ महात्मा गांधी मार्गावर आहे आणि उज्जैन, देवास, धार, रतलाम, मंदसौर, खरगोन इकडची प्रकरणे तिथे येतात. खंडवा व बुऱ्हाणपूर इंदूरहून जवळ असले तरी त्यांची प्रकरणे जबलपूरच्या मुख्य पीठाकडे जातात, आणि हे ठाऊक नसल्याने बुऱ्हाणपूरच्या मराठी मंडळींची एखादी फेरी फुकट जाते. रेल्वे, टपाल, आयकर अशा केंद्रीय खात्यांतील कर्मचाऱ्यांना मात्र आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कॅटकडे जावे लागते. त्याचे पीठ जबलपूरला असून इंदूरला फिरती बैठक होते. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. अपील करून सहा महिने उत्तर आले नाही तर त्यानंतर एक वर्ष मोजतात. कॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे जाता येते, हे एल. चंद्रकुमार यांच्या 1997 च्या निकालाने ठरले.

अपील न करताच रिट करता येते का? न्याय्य संधीचा उघड भंग झाला असेल किंवा आदेश देणाऱ्याला अधिकारच नसेल, तर पर्यायी उपाय आडवा येत नाही, असे 1998 च्या व्हर्लपूल निकालात म्हटले आहे. तरीही माझे मत असे की, आधी अपील करावे, कारण पुष्कळ वेळा पहिल्याच सुनावणीत "आधी अपील करा" असे सांगून याचिका परत पाठवली जाते आणि तोवर 45 दिवस निघून गेलेले असतात. अपील महिनोन्महिने पडून राहिले, तर ते ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचा आदेश मागणारी छोटी याचिका करता येते. रिटसाठी कायद्यात ठरलेली मुदत नसली तरी दोन-तीन वर्षे स्वस्थ बसलेल्याला न्यायालय आधी त्याचाच जाब विचारते.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

परिवीक्षा, संविदा आणि चौकशीविना बडतर्फी

परिवीक्षेतील किंवा संविदा कर्मचाऱ्याला साधी नोटीस देऊन काढता येते, हे खरे. पण आदेशामागे गैरवर्तनाचा आरोप हाच पाया असेल, तर शब्द कितीही सौम्य असले तरी ती शिक्षाच ठरते आणि चौकशी लागते. पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या 1958 च्या निकालापासून चाललेली ही विचारसरणी आजही लागू आहे. 2023 मध्ये मध्यप्रदेशात सेवा समाप्त केलेल्या महिला दिवाणी न्यायाधीशांपैकी दोघींना सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2025 रोजी सेवेत परत घ्यायला लावले. त्या दोघीही न्यायाधीशच होत्या, तरी स्वतःच्या नोकरीसाठी त्यांना याच वाटेने जावे लागले.

चौकशी न करता बडतर्फ करण्याच्या तीन वाटा अनुच्छेद 311 च्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, आणि नियम 19 मध्ये आहेत: फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरणे, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नसणे, आणि राज्याची सुरक्षितता. 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने या वाटा वैध मानल्या. दुसऱ्या वाटेने काढले असेल तर "चौकशी शक्य नाही" याची लेखी कारणे नोंदलेली असलीच पाहिजेत. ती मागून पाहावीत, कारण "साक्षीदार घाबरतील" एवढ्या एका ओळीवर भागवलेले आदेश टिकत नाहीत. पहिल्या वाटेतही दोषसिद्धी झाली की बडतर्फी आपोआप होत नाही; ज्या वर्तनामुळे ती झाली त्याचा विचार आदेशात दिसायला हवा.

जिंकल्यावर हाती काय येते

न्याय्य संधीच्या मुद्द्यावर आदेश रद्द झाला म्हणजे आपण निर्दोष ठरलो असे होत नाही. न्यायालय बहुधा प्रकरण जिथे चूक झाली त्या टप्प्यावर परत पाठवते: अहवालाची प्रत दिली नसेल तर ती देण्यापासून पुढे, उलटतपासणी नाकारली असेल तर साक्षींपासून पुढे. अशा वेळी कर्मचारी पुन्हा नोकरीत आला तरी नव्याने होणाऱ्या चौकशीपुरता निलंबित मानला जाऊ शकतो, आणि मधल्या वर्षांच्या पगाराचा निर्णय शेवटच्या निकालावर सोपवला जातो. पूर्ण थकबाकीसह परत घ्यावे अशी मागणी असेल, तर मधल्या काळात दुसरीकडे नोकरी नव्हती हे याचिकेत शपथेवर लिहायला विसरू नये. दीपाली गुंडू सुरवसे यांच्या 2013 च्या निकालात या बाबीला महत्त्व दिले आहे. घरी हे सारे आधीच सांगून ठेवावे, कारण "केस जिंकली" हे ऐकून पेढे वाटले जातात आणि पंधरवड्याने चौकशीची नवी नोटीस दारात येते.

निकालाची प्रमाणित प्रत मिळाली की ती जोडून त्याच दिवशी रुजू होण्याचा अर्ज कार्यालयात द्यावा, "आज दिनांक रोजी कामावर हजर झालो आहे" असे त्यात स्पष्ट लिहावे, आणि हजेरी रजिस्टरवर सही करू दिली नाही तर तेही त्याच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर नोंदवून आवक शिक्का घेऊनच बाहेर पडावे.